तिसरीत कांजिण्या

आज पाढे म्हणता म्हणता एक पोरगा सारखा पोट खाजवत होता. शर्ट वर करून पाहिलं, तर पाण्याने टचटचलेले चार-पाच फोड. आलं लक्षात.

त्याला व्हरांड्यात वेगळं बसवलं, घरी फोन लावला. आजी आली. "देवी आल्यात बाई. डॉक्टर कशाला? कडुलिंबाचा पाला घालते आंघोळीच्या पाण्यात." म्हटलं, आजी, पाला घाला खुशाल, पण डॉक्टरांनाही दाखवा. तापाला घरातली अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका, या आजारात ती पोरांना धोक्याची. आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. कांजिण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. म्हणजे काल खिचडीच्या पंगतीत जे व्हायचं ते होऊन गेलं असणार. बाकीच्यांना 10 ते 21 दिवसांत कधीही उठू शकतात. पालकांच्या ग्रुपवर टाकलं, घरात कुणी गरोदर असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील, तर लगेच डॉक्टरांशी बोला. दोन मिनिटांत तिघींचे फोन.

जाताना पोरगा रडवेला झाला. फोडांमुळे नाही हो. "बाई, माझी हजेरी मोडणार?" दरवर्षी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आम्हीच वाटतो ना! तापाने फणफणलेली पोरं दप्तर घेऊन येतात ती त्या पेन्सिल-बॉक्ससाठीच.

उद्या मुख्याध्यापकांकडे तो विषय काढणार आहे. त्याला मात्र आत्ताच सांगून टाकलं, "तुझा बॉक्स माझ्याकडून."