रिलीजची तारीख एकाच ठिकाणी: काम कुठवर आलं

मंडळी, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करणारं आपलं छोटं टूल आहे ना, त्यात यावेळी नवीन फीचर काहीच नाही, सगळा वेळ रिलीजच्या तारखा जुळवण्यात गेला आणि मला हे काम फीचरइतकंच महत्त्वाचं वाटतं. कोणी विचारलं की अमुक व्हर्जन कधी आलं, तर कुठेही बघा, उत्तर एकच मिळायला पाहिजे.

आता एका रिलीजची तारीख किती ठिकाणी असते बघा: चेंजलॉगमध्ये (कोणत्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी), कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमधल्या टॅगवर (व्हर्जनची खूण), ॲपस्ट्रीमच्या मेटाइन्फो फाइलमध्ये (सॉफ्टवेअर स्टोअरला ॲपची माहिती देणारी), मॅन पेजच्या म्हणजे टूलच्या मदतपानाच्या तळाला, शिवाय टारबॉलमधल्या म्हणजे कोडच्या गठ्ठ्यातल्या फाइलींवर. आणि प्रत्येक जण वेगळ्याच घड्याळाकडे बघतो. आमच्यातला एक पुण्यात, एक टोरांटोत. समजा पुण्यात ९ मार्च २०२४, शनिवारी पहाटे २:१० ला टॅग मारला, तर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, तेव्हा शुक्रवार ८ मार्चचे २०:४० वाजलेत आणि टोरांटोत शुक्रवारी दुपारचे पावणेचार होत आलेत. आपल्याकडे रात्री बारा ते साडेपाच यूटीसीची तारीख रोजच एक दिवस मागे असते आणि हौसेची कामं नेमकी त्याच वेळात होतात. आरपीएम या लिनक्स पॅकेजच्या स्पेक फाइलमध्ये (पॅकेज बनवायची कृती) तर वारही लिहावा लागतो, तिथे नुसता आकडा बदलून वार तसाच ठेवला की बिल्ड करताना बोगस डेट म्हणून वॉर्निंग येते, आणि ही सोय मला फार आवडते, बाकीच्यांनीही असं ओरडायला पाहिजे होतं.

तर ठरवलं ते असं. तारीख माणसाने फक्त चेंजलॉगमध्ये लिहायची, यूटीसीप्रमाणे, २०२४-०३-०८ अशी, आणि तीही अगदी शेवटच्या कमिटला (गिटमध्ये बदल नोंदवताना), तोपर्यंत वर अनरिलीज्डच राहू द्यायचं. आधीच तारीख टाकून ठेवली आणि रिव्ह्यू लांबला की ती शिळी झालीच म्हणून समजा. (व्हर्जन नंबरात तारीख मी याचसाठी घेत नाही, उबुंटू लिनक्सचं २००६ सालचं रिलीज एप्रिलचं जूनवर गेलं तेव्हा ६.०४ (वर्ष आणि महिना) हा आकडाच ६.०६ करावा लागला होता.)

बाकी सगळं स्क्रिप्ट करते. ती चेंजलॉगमधली तारीख उचलते, त्या दिवसाचे दुपारचे १२ यूटीसी धरते, म्हणजे वरच्या उदाहरणात १७०९८९९२०० (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद), आणि तोच आकडा सोर्स_डेट_इपॉक म्हणून एक्सपोर्ट करते, म्हणजे बाकीच्या टूलना तो वाचता येतो. दुपारचे बारा का, तर तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच आणि टोरांटोत सकाळचे सात (उन्हाळ्यात आठ), तारीख दोन्हीकडे तीच, फक्त न्यूझीलंडसारख्या ठिकाणी ती पुढे सरकते. जीसीसी कंपायलरच्या ७ व्या व्हर्जनपासून कोडमधला डेट मॅक्रो (कंपाइल करताना तारीख भरणारा शब्द) हा आकडा मानतो, डॉक्युमेंटेशन बनवणारं स्फिंक्सही मानतं, त्यामुळे मॅन पेज आपोआप जुळलं. टारबॉल बांधणाऱ्या टारला एमटाइम ऑप्शनने तीच वेळ देतो आणि तो दाबून लहान करणाऱ्या जीझिपला एन ऑप्शन, नाहीतर त्याच्या हेडरमध्ये वेगळी वेळ शिरू शकते. टॅगसाठी गिट_कमिटर_डेट सेट करून ॲनोटेटेड टॅगच मारायचा, कारण लाइटवेट टॅगला स्वतःची तारीखच नसते, तो नुसता कमिटकडे बोट दाखवतो. शेवटी सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) एक चेक टाकलाय: चेंजलॉग, मेटाइन्फो आणि टॅग, तिन्ही तारखा यूटीसीत काढून बघतो, एक जरी वेगळी निघाली तरी बिल्ड लाल, म्हणजे नापास.

डेबियन लिनक्सच्या पॅकेजमधल्या चेंजलॉगला मात्र हात लावला नाही, ती पॅकेजची तारीख, ती पॅकेज करणाऱ्याने ठरवायची.

जुन्या रिलीजचं काय, तर टॅग पुन्हा मारणार नाही, लोकांनी ते आधीच खेचलेत आणि गिट २.२० पासून फोर्स केल्याशिवाय फेचमध्ये (ताजे बदल उतरवताना) जुना टॅग बदलत पण नाही, म्हणजे जुन्या क्लोनमध्ये (लोकांकडच्या प्रतीत) एक आणि नव्यात दुसरा असा घोळ होईल. त्यापेक्षा टॅगवर जी तारीख आहे ती यूटीसीत करून चेंजलॉग आणि मेटाइन्फो तिच्याप्रमाणे दुरुस्त केले, लाइटवेट टॅग होते तिथे कमिटर डेट धरली. हे गिटच्या फॉर-ईच-रेफ कमांडला क्रिएटर डेट विचारली की एका फटक्यात मिळतं, दोन्ही प्रकारच्या टॅगला चालतं.

आता राहिलंय ते विंडोज इन्स्टॉलरचं, त्याच्या आत अजून बिल्डची वेळ जाते, ती कुठून येते ते शोधतोय. कोणी क्रॉस कंपाइल करून (दुसऱ्या सिस्टिमवर बिल्ड करून) एमएसआय, म्हणजे विंडोजची इन्स्टॉलर फाइल, बनवत असेल तर तुमची बिल्ड स्क्रिप्ट बघायला आवडेल.