मक्याच्या मुलुखातली बुधवारची व्हॅन

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डे मॉइन. तिथून निघून फोर्ट डॉज मागे पडलं की गाडी चालवणाऱ्याला फारसं काम उरत नाही. दोन्ही बाजूंना मका, मधेच पिवळं पडलेलं सोयाबीन, पवनचक्क्या. धान्याची उंच कोठारं दिसली की समजायचं, गाव आलं. स्पेन्सरहून पश्चिमेला वळलो तशी एका शाळेची पाटी दिसली: हार्टली-मेलविन-सॅनबोर्न. पोरं कमी झाली तसे आयोवातले शाळा-जिल्हे एकमेकांत मिसळत गेले, पण गावाचं नाव सोडायला कुणी तयार नाही. हे मात्र अगदी आपल्यासारखं!

इथला शाळा-जिल्हा म्हणजे बहुधा चार-दोन गावं, त्यांचा स्वतःचा कर आणि निवडून दिलेलं मंडळ. ३२ लाख वस्तीच्या या राज्यात असे सव्वातीनशेच्या आसपास जिल्हे आहेत. एवढ्या लहान जिल्ह्याने महागडी साधनं घ्यायची कुठून? म्हणून १९७४ च्या कायद्याने 'एरिया एज्युकेशन एजन्सी' आल्या. सुरुवातीला पंधरा होत्या, आता नऊ आहेत. वस्तू एकीने घ्यायची, वापरायची सगळ्यांनी.

माझी भाची याच पट्ट्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. मी निवृत्त केंद्रप्रमुख, त्यामुळे तिने फिरायला कुठे नेलं तर थेट शाळेत. "मामा, आज बुधवार आहे, व्हॅन येईल, बघा."

एजन्सीची व्हॅन आली. चालकाने प्लॅस्टिकचे दोन खोके उतरवले, परत जाणारे तीन उचलले, सही घेतली आणि पुढच्या गावाला निघालासुद्धा. एका खोक्यात मधमाशीच्या आकाराचे छोटे रोबो होते. झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली: रोबो सहा, चार्जर एक, चौकटींची चटई एक. एका रोबोच्या बॅटरीचं झाकण निळ्या चिकटपट्टीने बांधलेलं होतं. आधीच्या कुठल्या तरी शाळेतल्या बाईंची ती कारागिरी. पहिलीतली दोन पोरं चटईवर पालथी पडून रोबोला "डावीकडे, डावीकडे" करत होती, आणि तो हटकून उजवीकडे जात होता.

मला आमचं केंद्र आठवलं. दहा-बारा शाळांत मिळून एक प्रोजेक्टर. तो एका गुरुजींच्या मोटरसायकलला मागे दोरीने बांधून फिरायचा. शिक्षण परिषद ज्या शाळेत, तिथे त्याचा मुक्काम. नंतर लोकवर्गणीतून टीव्ही आले आणि प्रत्येकाने आपापला कपाटात ठेवला. पोरांना प्रोजेक्टरच जास्त बघायला मिळाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयोवाने १९९० च्या दशकात राज्याच्या मालकीचं फायबरचं जाळंही टाकलं आणि ९९ च्या ९९ काउंट्यांत (म्हणजे आपल्याकडच्या महसुली जिल्ह्यांसारख्या भागांत) दृक्‌श्राव्य वर्ग उभे केले. एका गावातली शिक्षिका चार गावांतल्या पोरांना एकदम स्पॅनिश शिकवू शकेल, अशी सोय. आता ते काम साध्या लॅपटॉपवर होतं. अडचण कुठली येते, असं विचारलं तर भाची पटकन म्हणाली, "घंटेची!" एका शाळेचा तास ८:२० ला सुरू होतो, दुसरीचा ८:३५ ला. एकीकडे सामना म्हणून पोरं लवकर सुटतात, दुसरीकडे बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरते. तारा जमिनीत पुरणं सोपं होतं. चार मुख्याध्यापकांना एका वेळापत्रकावर आणायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

२०२४ च्या कायद्यानंतर वारं बदललंय. साधनांसाठीचा जो पैसा पूर्वी सरळ एजन्सीकडे जायचा, तो आता जिल्ह्यांच्या हातात आलाय. हवी ती सेवा त्यांनी विकत घ्यायची. मोठ्या जिल्ह्यांना हे सोयीचं आहे, ते स्वतःचं उभं करतील. पण चार मोठे बाहेर पडले तर व्हॅनच्या त्याच फेऱ्याचा खर्च उरलेल्या लहानांच्या माथी येणार, हा हिशेब भाचीच्या शाळेतल्या ग्रंथपालबाईंनी मला कागदावर मांडून दाखवला. यंदा त्यांच्या मंडळाने व्हॅनची सेवा घेतलीय. पुढच्या वर्षीचं बजेटच्या बैठकीत ठरेल. बैठक सगळ्यांना खुली असते, कुणीही उठून बोलू शकतं, आणि बाई बोलणार आहेत.