पैसे गेले, पण पोचले कुठे?

आज एकाला फोनवरून पैसे पाठवले. माझ्या खात्यातून वजा झाल्याचा मेसेज लगेच टपकला, आणि तो म्हणतोय, "अजून नाही आले हो." स्क्रीनवर चक्र गरगरतंय, आम्ही दोघं कसनुसं हसत उभे! पुन्हा पाठवायचा मोह आवरला. अडकलेला व्यवहार नंतर पुरा झाला की पैसे दोनदा जातात. तेवढ्यात तो विचारतो, "मी माझा पिन टाकू का?" अरे बाबा, घेणाऱ्याला पिन लागतच नाही! (भामटे नेमके इथेच गाठतात.) आले एकदाचे. २००७ साली केनियात एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली, ती साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालायची. आणि आम्ही स्मार्टफोन उंच धरून रेंज शोधतोय.