डाव्या गुडघ्यामागची जांभळी जाळी

गेल्या नवरात्रात गरबा खेळताना गिरकी घेतली, घागरा फुलला आणि माझा हात आपोआप तो खाली दाबायला गेला. मला ते फार लागलं. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले. कळायला लागल्यापासून गरबा खेळते, पण घागरा सावरत कधी खेळले नव्हते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या गुडघ्याच्या मागे केसाएवढ्या बारीक लाल-जांभळ्या रेघा उमटल्या. मग 23 वर्षं फळ्यापाशी उभी राहून गणित शिकवलं आणि त्या पोटरीवर पसरत गेल्या. साडीत दिसत नाहीत, म्हणून मीही बघणं सोडलं होतं. नणंद म्हणते, "वहिनी, आता या वयात तुमचे पाय कोण बघतंय?" मी बघते. रोज, आंघोळीच्या वेळी.

शिवाय आईचे पाय डोळ्यांसमोर होतेच. तिच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या आणि घोट्याजवळची जखम सात महिने भरली नाही. माझंही तसंच होणार का, हे विचारायलाच मी खरं तर डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आधी कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी केली, तीही उभं करून. पोटरी दाबायची, सोडायची आणि वर गेलेलं रक्त परत खाली येतंय का ते पडद्यावर पाहायचं. माझ्या मोठ्या शिरांच्या झडपा नीट मिटत होत्या. ऐकून रडूच आलं. झडपा गळक्या निघाल्या असत्या तर आधी त्यांचा इलाज; नाहीतर वरची जाळी काढली तरी पुन्हा उमटते. म्हणून डॉपलर न करता थेट सुई हातात घेणाऱ्याकडे कुणी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी जाळी त्रास देणारी नाही, फक्त दिसणारी आहे. काढायची तर स्क्लेरोथेरपी. पोलिडोकॅनॉल नावाचं औषध अगदी बारीक सुईने शिरेत सोडतात. तिचं आतलं अस्तर खराब होतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू शोषून घेतं. तीन-चार बैठका, मध्ये काही आठवडे. लेझरही असतो, पण आपल्या सावळ्या कातडीला त्याने भाजण्याची भीती जास्त.

मी अडले ते डागांपाशी. शिरेतून झिरपलेल्या रक्तातलं लोह कातडीखाली साठतं आणि तपकिरी रेघ उरते. बहुतेकदा काही महिन्यांत फिकी होते. काहींची वर्षभराहूनही जास्त राहते. जांभळं काढून तपकिरी घ्यायचं? शिवाय नव्या शिरा उमटणारच नाहीत, असं वचन कुणी देत नाही.

दोन आठवडे मनात हेच घोळत होतं. शेवटी ठरवलं: पूर्ण पाय नाही. फक्त गुडघ्यामागचा तळहाताएवढा भाग, तोही डिसेंबरात. नंतर घट्ट मोजे घालावे लागतात. बडोद्याच्या ऑक्टोबरात ते सोसवणार नाहीत. डाग किती राहतो ते गुढीपाडव्यापर्यंत बघेन आणि मगच पोटरीचा विचार करेन.

तोवर पहाटे कमाटीबागेत चालते. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं, म्हणून मुलं गणित सोडवत असताना मी टाचा उचलत उभी राहते. लेकीने खिडकीच्या उजेडात माझ्या गुडघ्यामागचा फोटो काढून ठेवलाय, पाडव्याला शेजारी ठेवून बघायला.