यातला लाल कोणता अन् हिरवा कोणता?

मी नागपूरला एका मराठी पेपरात सात वर्षं पानं लावली. म्हणजे बातमी लिहायची नाही, बातमी आली की ती कॉलमात बसवायची, फोटो कापायचा, हेडिंग किती ओळींत बसतं ते बघायचं अन् रात्री पान वेळेत प्लेटला सोडायचं. आता गावाकडंच असतो, दारव्ह्याजवळ, वावर बघतो, पण सकाळी पेपर हातात आला की बातमीच्या आधी माझी नजर रंगाकडं जाते.

अन् रंगाचं म्हटलं की मला २०१७ चा ऑक्टोबर आठवतो. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. तेव्हा शेतीच्या पानासाठी मी एक माहितीची चौकट केली होती. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो बघा, त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग सांगतो की औषध किती विषारी आहे. लाल म्हणजे सगळ्यात जास्त, मग पिवळा, मग निळा, अन् हिरवा म्हणजे त्यामानानं कमी, पण तेही विषच. मी चार त्रिकोण काढले, प्रत्येकाशेजारी दोन ओळी लिहिल्या, अन् रंगाचं नाव काही लिहिलं नाही कारण रंग तर समोर दिसतोच आहे असं मला वाटलं.

रात्री नऊच्या सुमारास मोठी जाहिरात आली, तिला रंगीत पान पाहिजे होतं, शेतीचं पान आत काळ्या-पांढऱ्यात गेलं. मी तेव्हा दुसऱ्या पानावर बसलो होतो, कोणीतरी फाइल ग्रे करून सोडून दिली.

सकाळी गावाकडून आबाजीचा फोन, ते शेतकरीच. "काहून रे बाबू, तुया पानातले चारही तिकोन त राखेच्या रंगाचे हायेत. यातला लाल कोणता अन् हिरवा कोणता?"

मी ऑफिसात जाऊन अंक उघडला. पिवळा जवळपास पांढरा झाला होता, अन् लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगात आले होते. सगळ्यात जहाल विष अन् सगळ्यात सौम्य विष, दोन्ही सारखे. ज्या माणसासाठी ती चौकट केली त्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता, अन् चूक जाहिरातवाल्यांची जेवढी तेवढीच माझी, मी चार शब्द लिहिले असते तर भागलं असतं.

लोकांना वाटतं की रंग कुठंही देता येतो, बटण दाबलं की झालं, पण तसं नसतं. प्रत्येक रंगीत पानाला निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा लागतात अन् कागद चार वेळा शाईखालून जातो. त्यात पानं जोडीनं छापली जातात, १२ पानांचा अंक असेल तर पान १ आणि पान १२ कागदाच्या एकाच बाजूला असतात, त्यांच्या पाठीवर २ आणि ११. उद्या अंकाची घडी पूर्ण उघडून बघा, लगेच कळेल. म्हणून पहिलं पान रंगीत म्हणजे शेवटचंही रंगीत, अन् मशीनच्या ताकदीइतकीच रंगीत पानं निघतात, उरलेली काळी. त्यातली बरीच जाहिरातीनं आधीच धरलेली असतात कारण पैसा तिथूनच येतो, ते मला मान्य आहे. पण जी जागा आपल्या हातात उरते ती तरी आपण कुठं खर्च करतो? लाल हेडिंग, पिवळी पट्टी, निळी चौकट, अन् त्याच पानावर हवामानाचा नकाशा करडा.

अमेरिकेत यूएसए टुडे १५ सप्टेंबर १९८२ ला निघाला तेव्हा त्यांनी हवामानालाच अख्खं रंगीत पान दिलं होतं. उलट न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर पहिला रंगीत फोटो छापला तो थेट १६ ऑक्टोबर १९९७ ला, तोवर त्यांचं अडलं नाही. म्हणजे रंग नसला तरी पेपर मोठा होतो, पण जिथं रंगच माहिती असते तिथं तो पाहिजेच.

आता हवामान खात्याचे अलर्ट घ्या, हिरवा, पिवळा, ऑरेंज, रेड. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. छापताना ऑरेंज वेगळी शाई नसते, पूर्ण पिवळ्यावर साधारण अर्धा गुलाबी टाकला की तो होतो, अन् गुलाबी पूर्ण टाकला की लाल. पण पेपरचा कागद टिपकागदासारखा शाई पितो, अन् ज्या बारीक ठिपक्यांनी रंग छापतात तो ठिपका पसरतो, ५० टक्क्यांचा ठिपका ७५ च्या आसपास दिसतो. (शाई उष्णतेनं वाळवत नाहीत, ती कागदातच जिरते, म्हणून तर वाचल्यावर बोटं काळी होतात.) हे धरून आधीच रंग कमी करून पाठवला नाही तर ऑरेंज लालीकडं जातो. तूर-कपाशीवाल्या माणसाला तो फरक म्हणजे आज फवारणी करायची की नाही इतका मोठा असतो.

फोटोचंही तेच. त्याच २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, अन् अळीचा फोटो काळ्या-पांढऱ्यात छापला तर ती गुलाबी की हिरवी हे कसं ओळखायचं सांगा. गुलाबी शाई थोडी जास्त झाली की कपाशीचं धडधाकट पान लाल्या रोग आल्यासारखं दिसतं, पिवळी जास्त झाली की सोयाबीनवर पानं पिवळी पाडणारा मोझॅक रोग आला असं वाटतं. आमची डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, सगळ्यात आधी छापायला जायची अन् मशीन तेव्हा नुकतं सुरू झालेलं असायचं, चारही रंग एकमेकांवर नीट बसायच्या आधीचे अंकसुद्धा गठ्ठ्यात जायचे. शहरातल्या माणसाला रात्री उशिराचा स्वच्छ अंक मिळायचा, अन् ज्याला पिकाच्या पानावरचा डाग ओळखायचा आहे त्याला रंग हललेला. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आताही पटत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं, रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं. देवनागरीत रफार, अनुस्वार बारीक असतात, चार शाया पसरल्या की सगळ्यात आधी तेच बुजतात. एकदा "शेतकऱ्यांच्या मनात खंत" मधला अनुस्वार गेला अन् मनात खत झालं. तेव्हापासून मी बारीक मजकूर कायम पांढऱ्यावर काळा ठेवला, कोणी कितीही म्हटलं तरी.

आबाजीनं त्या दिवशी फोनवरच मला प्रत्येक तिकोनाचा रंग विचारून घेतला. दिवाळीत गावी गेलो तर ते कात्रण फवारणीचा पंप ठेवतो त्या खोलीत भिंतीवर चिकटवलेलं होतं, पुतणीचे स्केचपेन घेऊन त्यांनी चारही तिकोन रंगवले होते, रेघेच्या बाहेर जाऊन पण घट्ट. कात्रण अजून तिथंच आहे. पेपरचा कागद उजेडानं पिवळा पडतोच, स्केचपेनही विटले, अन् निळा आता हिरव्यासारखा दिसायला लागला होता. या पोळ्याला मी बॉलपेन घेतला अन् प्रत्येक तिकोनाखाली नाव लिहून आलो, लाल, पिवळा, निळा, हिरवा.