आमची वाटचाल: कमी घाला म्हणणारे खतवाले

आमचा धंदा कोंबडखत कुजवून विकायचा, आणि गिऱ्हाईक बहुतेक जास्वंदवाले. नर्सरीवाले आहेत, फुलांची शेती करणारे आहेत आणि लाल अंबाडीवाले आहेत, अंबाडी पण जास्वंदीच्याच कुळातली, तिची लाल बोंडं वाळवून चहा-सरबताला जातात.

गणित तसं साधं होतं. पोल्ट्रीवाल्याला शेडमधला माल काढायचाच असतो, पडून राहिला की माश्या, वास, शेजाऱ्यांची बोलणी, आणि शेतकऱ्याला खत पाहिजेच असतं, मग मधे आपण. गाडी भरून इकडचं तिकडे टाकणारे तेव्हाही खूप होते. पण ताजं कोंबडखत म्हणजे गरम माल, त्यातलं युरिक अ‍ॅसिड फुटून अमोनिया सुटतो, आणि उष्ण दमट हवेत हे सगळं इतकं झपाट्याने होतं की कोवळी मुळं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून पहिल्यापासून कुजवूनच द्यायचं ठरवलं, जागा जास्त लागते, पैसा अडकून राहतो, तरी.

कुजवायचं म्हणजे नुसता ढीग लावून विसरायचं नाही. नुसत्या विष्ठेत नत्र (नायट्रोजन) फार, कर्ब (कार्बन) कमी, म्हणून पालापाचोळा, भुसा असं कोरडं काहीतरी घालावंच लागतं, नाहीतर सगळं नत्र वासातून उडून जातं (शेडजवळ डोळे चुरचुरतात ना, ते आपले पैसेच हवेत जात असतात). आम्ही केळीचे खुंट तुकडे करून घालतो, त्यात पालाश (पोटॅशियम) भरपूर, आणि ते का लागतं ते पुढे सांगतो. ओल बघायला मीटर आहे पण कामावरच्या बायका मूठभर माल दाबूनच बघतात, बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर लाडू फुटला तर पाणी मारा. ढिगाच्या आत ५५ अंशांच्या वर उष्णता टिकली आणि वेळोवेळी पलटी मारली की साल्मोनेलासारखे जंतू आणि तणाचं बी मरतं. बाहेरची कड आत गेली पाहिजे ही मेन गोष्ट, आणि बरेच जण नेमकी तीच टाळतात कारण पलटी मारायचा कंटाळा.

आता खरी गोष्ट. जास्वंदीला स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालेलं चालत नाही. पालाश भरपूर, नत्र बेताचं आणि स्फुरद कमी अशी तिची भूक, आणि कोंबडखत अगदी उलटं. वाळलेल्या कोंबडखतात साधारण ३ टक्के नत्र, २.६ टक्के स्फुरद आणि पालाश फक्त १.४ टक्के, शेणखताच्या हिशोबाने शेतकरी टोपल्या मोजायला लागला की झालं, कारण शेणखतात नत्रच जेमतेम अर्धा टक्का. त्यात अंड्याच्या कोंबड्यांना खाद्यातून चुनखडी देतात, तो कॅल्शियम पण खतात उतरतो, मातीचा सामू (पीएच) वर सरकतो, आणि जास्वंदीला तर किंचित आम्ल माती लागते. मग दिसतं काय, शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, म्हणजे लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. आणि शेतकरी काय करतो, पान पिवळं म्हणून अजून एक टोपली टाकतो!

म्हणून आमच्याकडे माल घ्यायला आलेल्या माणसाला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते "कमी घाला". दर वर्षी टाकत असाल तर माती तपासून घ्या, स्फुरद आधीच भरपूर असेल तर यंदा आमचं खत नकोच, पालापाचोळ्याचं घाला आणि वरून सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचं खत, द्या. आमच्या हिशोबनीसाला हे अजिबात पटत नाही, धंदा करायचाय की समाजसेवा असं विचारतात, पण असं सांगून परत पाठवलेलं गिऱ्हाईकच पुढच्या हंगामात भावाला घेऊन येतं. खोडाला चिकटवून ढीग करू नका, फांद्यांच्या घेराखाली पातळ पसरा, वर आच्छादन टाका, हे पण सांगतोच. आणि नत्र जास्त झालं की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा आणि पिठ्या ढेकूण हे रस शोषणारे किडे टपूनच असतात.

अंबाडीवाल्यांचं प्रकरण वेगळं. ते पीक दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतं, तेव्हा उशिरा नत्र दिलं तर झाड नुसतं पाल्यावर जातं आणि बोंडं राहतात बाजूला, म्हणून खत सगळं पेरणीआधी मशागतीतच. शिवाय बोंड माणसाच्या पोटात जाणार. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात कच्चं शेणखत-कोंबडखत टाकल्यावर काढणीपर्यंत किमान ९० दिवस जावे लागतात, खायचा भाग मातीला लागत असेल तर १२०. निर्यातीचा माल घेणारे हे विचारतातच, त्यामुळे कुजवलेल्या मालाला तिथे आपोआप मागणी आली, आम्हाला वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

पावसाळा मात्र अजून त्रास देतो. जोराच्या पावसात भुकटी वाहून जाते, नत्र आणि पालाश खाली झिरपतं आणि जवळच्या ओढ्यात शेवाळ माजतं ते वेगळंच. म्हणून गोळी खताचं मशीन घेतलं, गोळी हळूहळू सुटते आणि हाताळायला बरी, पण माल पूर्ण वाळलेला नसला की मशीन चोकअप होतं, मग भर पावसात शेडखाली खत वाळवत बसायचं. त्यामुळे पावसाळ्यातल्या ऑर्डरी आम्ही उन्हाळ्यातच घेतो, ऐनवेळी फोन केला तर गोळी मिळेलच असं नाही.