कर्ब तीन टक्के!

आमच्या सोलापूरच्या माती तपासणी लॅबमध्ये मंगळवेढ्याची काळी येते, सांगोल्याकडची मुरमाड येते. कोरडवाहू रानात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का भरला तरी आम्ही खूश. त्यामुळे त्या दिवशी ॲसिड पडताच फ्लास्कमधला नारिंगी रंग हिरवागार झाला, तेव्हा असिस्टंट माझ्याकडे बघतच राहिला. एक ग्रॅम मातीने दहा मिली डायक्रोमेट, म्हणजे कर्ब जाळून मोजायचं ते नारिंगी रसायन, फस्त केलं होतं. सगळंच संपलं तर मोजणार काय? पाव ग्रॅम घेऊन पुन्हा लावलं. कर्ब तीन टक्क्यांच्या वर!

माती यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या उघड्या कोळसा खाणीवरची. तिथं झाडं लावायचा ठेका घेतलेला गडी मूळचा अक्कलकोटचा. गावी येताना पिशवी घेऊन आला. खाण बुजवून वर काळी माती पसरलेली, पण कडुनिंबाची रोपं काही केल्या अंग धरत नव्हती. आकडा ऐकून म्हणाला, "मग खताचा खर्च वाचला की साहेब!"

म्हटलं, दम धरा. एकूण नत्र काढलं, तर अगदीच किरकोळ. चांगल्या मातीत दहा-बारा भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. इथं काही मेळच बसेना. मग भिंग घेतलं. मातीत चकचकीत काळे कण, नखाने दाबले की भुगा. कोळसा! डायक्रोमेटला कुजलेला पाला काय नि कोळसा काय, थोडाफार तोही जळतो आणि आकडा फुगतो. मुळांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

चाळणीने वेगळंच सांगितलं. दोन मिलिमीटरच्या जाळीवर निम्मी पिशवी तशीच राहिली, सगळे वाळूखडकाचे नि शेल नावाच्या पापुद्र्या खडकाचे तुकडे. आम्ही तपासतो ते जाळीखालचं, झाड उभं राहतं ते सगळ्यावर. रिपोर्टात हे कुठंच दिसत नाही, हे मला कायम खटकतं.

"खड्डे घेताना पहार कशी जायची?" मी विचारलं.

"जायची कुठली? टणकन वाजायची."

म्हणजे डंपर-डोझरनी खालचा भराव दाबून टाकलेला. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, ते स्वतःच स्वतःला उकलतं. दगडी भरावाला ते जमत नाही. घनता घन सेंटिमीटरला १.७ ग्रॅमच्या पुढे गेली की बहुतेक मुळं तिथंच अडतात. पण ती पिशवीतून कळत नाही, जागेवरून कोअर, म्हणजे नळी ठोकून मातीचा अख्खा तुकडा, काढावा लागतो. तो पाठवा, पावसाआधी रिपर मारून खालचा थर खोलवर फोडून घ्या, खड्ड्यात शेणखत टाका, असं सांगितलं.

त्याने मान डोलावली. मग हळूच म्हणाला, "पण रिपोर्टात ते तीन टक्के तेवढे राहू द्या, बिल काढायला बरं पडतं."

राहू दिले. समोर लाल पेनाने लिहिलं : कोळशासह.